धुराडे नसलेला बंब
(नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र)

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,

महोदय,

मराठीत बंब दोन. एक आग लागल्यावर घंटा वाजवत येतो, तो तुमच्या खात्याचा. दुसरा आमच्या आजीच्या न्हाणीत होता. तांब्याचा, पोटात निखारे आणि भोवती पाणी. माझे पत्र या दुसऱ्या बंबाबद्दल आहे. त्याची जागा ज्या यंत्राने घेतली, त्या यंत्रापर्यंत तुमचा बंब सहसा पोचतच नाही. तिथे ज्वाळा उठत नाहीत, खिडकीतून धूर येत नाही, शेजारी ओरडत नाहीत. दाराला आतून कडी असते आणि पाण्याचा आवाज येत राहतो. आत कुणी बेशुद्ध पडले आहे, हे बाहेरच्यांना कळते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मी न्हाणीघरातल्या गॅस गीझरबद्दल बोलते आहे.

मी नाशिकला राहते. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. अपूर्ण ज्वलन हा माझा आवडता पाठ. प्रयोगशाळेत बर्नरची हवेची झडप उघडी ठेवली की ज्योत निळी, झडप बंद केली की पिवळी. पिवळ्या ज्योतीवर परीक्षानळी धरायची आणि तिच्या बुडाला धरलेली काजळी मुलांना दाखवायची. मग फळ्यावर समीकरण: हवा पुरेशी असेल तर कार्बन डायऑक्साइड, अपुरी असेल तर कार्बन मोनॉक्साइड. हा दुसरा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो विषारी आहे, अशी तीन वाक्ये मी दरवर्षी वहीत उतरवून घेत असे. परीक्षेत हमखास दोन गुण.

गेल्या काही वर्षांतल्या एका जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, माझी नात आमच्याच न्हाणीघरात पडली. चौदा वर्षांची मुलगी. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. निफाडच्या पाऱ्याची बातमी पेपरात आली की आमच्याकडे खिडक्या बंद होतात. न्हाणीघराच्या वरच्या झडपेच्या काचांतही वारा येतो म्हणून आम्ही पुठ्ठा लावला होता. तिच्या आधी तिचे आजोबा आणि तिची आई अंघोळ करून गेले होते. बादली भरून वाहण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. हाक मारली, उत्तर नाही. ह्यांनी खांद्याने दार रेटले तेव्हा कडी स्क्रूसकट निघाली.

तिला गॅलरीत आणून मोकळ्या हवेत निजवले आणि रुग्णालयात नेले. पहिला प्रश्न आला, "हिला आधी कधी फिट आली होती का?" बोटाला लावलेला ऑक्सिमीटर अठ्ठ्याण्णव दाखवत होता. सगळे जरा निवांत झाले. एका तरुण निवासी डॉक्टरने मात्र विचारले, "ही पडली कुठे? बाथरूममध्ये? गॅस गीझर आहे का तिथे?" मग त्याने रक्ताची वेगळी तपासणी सांगितली आणि अहवालाची वाट न बघता ऑक्सिजनचा मास्क लावला. त्या एका प्रश्नाने माझी नात वाचली, असे मी मानते.

कारण त्यानेच मला समजावून सांगितले, आणि शिक्षिकेला विद्यार्थ्याच्या वयाच्या डॉक्टरकडून शिकावे लागले. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. घरोघरी कोविडच्या काळात घेतलेल्या साध्या ऑक्सिमीटरला त्याने बळकावलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. म्हणून शरीर गुदमरत असताना आकडा छान दिसतो. साध्या हवेत श्वास घेत राहिले तर शोषलेला निम्मा वायू बाहेर पडायला चार ते सहा तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या माणसाला मिरगी समजून महिनोन्‌महिने तिच्या गोळ्या दिल्याची उदाहरणे आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पाहिली आहेत.

घरी परतल्यावर मी स्टुलावर चढून गीझरकडे पहिल्यांदा नीट पाहिले. अकरा वर्षांचा. वरच्या भिंतीवर काळपट पट्टा. ज्योत पिवळी. दोन महिने घरातले सगळे अंघोळीनंतर डोके धरून बसत होते, आम्ही त्याला पित्त म्हणत होतो आणि कोकमाचे सरबत पीत होतो. ज्या पिवळ्या ज्योतीवर मी एकतीस वर्षे दोन-दोन गुण वाटले, ती माझ्या डोक्यावर दोन महिने जळत होती.

मग मी रिकाम्या वेळी गणित मांडले, तुमच्या अधिकाऱ्यांनीही ते मांडून पाहावे. आमचे न्हाणीघर सहा फूट बाय चार फूट, वर माळा असल्यामुळे उंची आठ फूट. आत मावणारी हवा सुमारे ५,४०० लिटर. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर स्वयंपाकाच्या शेगडीच्या चार-पाच बर्नरइतकी उष्णता देतो आणि दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे १,८०० लिटर हवा लागते. म्हणजे एका अंघोळीत खोलीतली एक तृतीयांश हवा. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत राहते हे खरे, पण तिघांनी पाठोपाठ अंघोळ केली तर तिसऱ्याच्या वाट्याला काय उरते? त्यात बर्नरमध्ये धूळ आणि जळमटे, उष्णता घेणाऱ्या पात्यांवर काजळी. आमच्या गीझरात वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय होती. पण नळ बंद करून पुन्हा उघडला की तिची मोजणी नव्याने सुरू होत असे. हवा मात्र नव्याने भरत नव्हती.

स्वयंपाकघरात आपण तासन्‌तास शेगडी जाळतो, तिथे असे होत नाही, कारण खिडकी उघडी असते, दार उघडे असते आणि ज्योत लहान असते. घरातली सर्वांत मोठी आग आपण घरातल्या सर्वांत लहान खोलीत ठेवली, तिचे दार लावून घेतले, आणि माणसाला तिथे एकटे, ओलेत्याने उभे केले.

आजीचा बंब आठवतो तो इथे. मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीवर करवंट्या, शेणी, कोळसा. नळीचे तोंड वर उघडे, म्हणजेच धुराडे. न्हाणी परसात किंवा मागच्या पडवीत, वरची कौले काळी पडलेली. धूर डोळ्यांत गेला की आजी ओरडायची, "कोळसा ओला आहे गं, दार उघड." तो धूर नकोसा होता, पण तो बोलत होता. नंतर स्वच्छ गॅस आला. डोळ्यांतले पाणी थांबले, बायकांची फुप्फुसे वाचली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण धूर गेला तसे आगीकडे बघणेही गेले. आग दिसेनाशी झाली की ती निरुपद्रवी झाली असे आपण धरून चाललो.

स्वयंपाकाच्या गॅसलाही मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. कुणीतरी विचार करून त्या गॅसला धोक्याची हाक दिली. पण गॅस जळाला की मरकॅप्टनही जळते. गळक्या सिलिंडरचा वास येतो, १९०६ वर फोन करता येतो. विझत चाललेल्या हवेचा वास येत नाही. ती हाक देण्याचे काम यंत्राला जमणार नसेल, तर ते व्यवस्थेनेच करायला हवे.

व्यवस्था काय करते, हे शोधत मी वर्षभर फिरले. कुणी मुद्दाम टाळले असे म्हणणार नाही. प्रत्येकाची हद्द गीझरच्या एक वीत अलीकडे संपते, एवढेच. या गीझरांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५५५८ हे मानक आहे. ते यंत्र कसे असावे हे सांगते. दुकानातून बाहेर पडल्यावर ते कुठल्या भिंतीवर टांगले जाईल हे बघायला कुणी येत नाही. आमच्या गीझरचे माहितीपत्रक खणात प्लास्टिकसकट सापडले. त्यात स्पष्ट लिहिले होते: न्हाणीघरात बसवू नये, मोकळ्या हवेशीर जागी बसवावा. बसवणारा मात्र म्हणाला होता, "काकू, एक्झॉस्ट आहे ना, मग काय!" आम्हीही मान डोलावली. खिडकी-दार बंद असताना एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर ओढतो, पण आत येणाऱ्या हवेला वाट हवी आणि जळलेल्या वायूला स्वतःचे धुराडे हवे, हा विचार तेव्हा आमच्या कुणाच्याच मनात आला नाही.

गॅस वितरकाची पाच वर्षांनी एकदा सक्तीची तपासणी असते. तपासनीस आला, शेगडी पाहिली, रेग्युलेटर पाहिला, पाच वर्षे झालेली नारिंगी नळी बदलायला लावली. चांगले काम केले. न्हाणीघराकडे पाहून म्हणाला, "ते आमच्याकडे येत नाही." आमच्या सात मजली इमारतीला २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी भरावा लागतो. परवानाधारक एजन्सी येते, पंप चालवते, जिन्यातले होज उलगडते, प्रमाणपत्र देते. तिची तपासणी जिन्यात संपते. घराच्या उंबऱ्याआत रोज सकाळी पेटणारी आग तिच्या कागदावर नाही.

तुम्ही म्हणाल, गॅस हा केंद्राचा विषय. मान्य. पण न्हाणीघर तुमचे आहे. ते किती बाय किती असावे, त्याची हवा थेट बाहेरून यावी की डक्टमधून, हे डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेली तुमच्या खात्याची एकत्रित नियमावली ठरवते, आणि मुंबईत २०३४ च्या आराखड्याची नियमावली. नकाशा मंजूर करणारी पालिका तुमची, भोगवटा प्रमाणपत्र देणारीही तीच, अग्निशमन सेवा तुमची. गॅस सिलिंडरातून निघेपर्यंत केंद्राचा असेल. तो पेटल्यावर जी हवा संपते ती तुमच्या नकाशातली आहे.

हे कुठे होत नाही असे नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी न्हाणीघरात गॅसचे उपकरण बसवायला बंदी आहे. अपवाद फक्त अशा बंदिस्त उपकरणाचा, जे हवा बाहेरून घेते आणि जळका वायूही नळीने बाहेरच सोडते. भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणे दर वर्षी नोंदणीकृत कारागिराकडून तपासून घेणे हे तिथे घरमालकावर बंधनकारक आहे. अमेरिकेत तर आगीची जागा दिवाणखान्यात असते. माझ्या भाच्याने न्यू जर्सीत जुने घर घेतले, त्यात विटांची फायरप्लेस होती. वापरायची तर सोडाच, घराचा व्यवहार होण्याआधी धुराड्यात कॅमेरा सोडून आतल्या अस्तराला तडे आहेत का, काजळीचा थर किती आहे, हे पाहिले गेले. तिथल्या एनएफपीए २११ या मानकानुसार धुराडे वर्षातून एकदा तपासायचे आणि घर हस्तांतरित होताना अधिक खोल तपासणी करायची, असा प्रघात आहे. भाच्याच्या धुराड्याचे अस्तर फुटलेले निघाले, ते बदलेपर्यंत त्याने लाकूड पेटवले नाही. वर्षातून चार संध्याकाळी हौसेने पेटवायच्या आगीसाठी एवढी काळजी; आमची आग रोज पेटते, आणि तिला धुराडेच नाही.

मी गॅस गीझरवर बंदी मागत नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत त्यानेच आम्हाला गरम पाणी दिले. दोन सेलवर ठिणगी पडते, विजेची वाट बघावी लागत नाही, बिलही कमी. आमच्याकडे आजही गॅस गीझर आहे. नवा आहे, ड्राय बाल्कनीत टांगला आहे, त्याच्या डोक्यावर बाहेर जाणारी नळी आहे आणि पाणी भिंतीतून आत येते. प्लंबरचे एक दिवसाचे काम होते. म्हणूनच माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

पहिली मागणी नकाशाची. नव्या इमारतीत गीझरची जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेकडे दाखवलेली असावी, आणि ती तशी बांधली आहे का हे भोगवटा प्रमाणपत्र देताना पाहावे. जुन्या इमारतींना मुदत द्यावी, पण न्हाणीघरातले गीझर बाहेर काढायला लावावे.

दुसरी, फॉर्म बी उंबऱ्याच्या आत आणण्याची. इमारतीत किती गॅस गीझर आहेत, त्यांतले किती न्हाणीघरात आहेत आणि कुणाची शेवटची सफाई कधी झाली, एवढे तीन रकाने वाढवले तरी पुरे. सोसायटीच्या सेक्रेटरीला कारण मिळेल. आज तो विचारायला गेला तर ऐकून घ्यावे लागते, "आमच्या बाथरूमशी तुमचा काय संबंध?"

तिसरी मागणी भाडेकरूंसाठी. नाशिक-पुण्यात शिकायला आलेली मुले ज्या खोल्यांत राहतात, महाबळेश्वर-लोणावळ्याला थंडीत ज्या घरगुती निवासांत आपण उतरतो, तिथला गीझर पाहुण्याला हलवता येत नाही आणि त्याचा इतिहास विचारायचे सुचतही नाही. अशा ठिकाणी परवाना किंवा नोंदणी देताना ही तपासणी सक्तीची असावी आणि जबाबदारी मालकाची.

चौथी, कारागिरांची. आज गीझर नळवाला बसवतो, आणि बिघडला की तोच ठोकून चालू करतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत यासाठी छोटा अभ्यासक्रम काढता येईल: बर्नर साफ करणे, ज्योत वाचणे, धुराड्याचा ओढा तपासणे, आणि यंत्र कधी दुरुस्त करायचे नाही, बदलायचेच, हे ग्राहकाला तोंडावर सांगणे. हे शेवटचे सर्वांत अवघड. आमच्याकडे चालू वस्तू फेकवत नाही. पाणी गरम येते आहे ना, मग गीझर चांगला, असा आपला हिशेब. पण गीझर पाणी तापवण्याच्या बाबतीत शेवटपर्यंत चांगलाच असतो. जळण्याच्या बाबतीत तो कधीच बिघडलेला असू शकतो. जुना गीझर देऊन सौर बंब घेणाऱ्याला मालमत्ता करात थोडी सवलत दिलीत तर लोक स्वतःहून येतील. सौर यंत्रणेसाठी अशी सवलत पुण्यासारख्या शहरांत आहेच.

पाचवी, मोजदादीची. अशा मृत्यूंची नोंद पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून होते. पालिकांच्या आरोग्य विभागांनी रुग्णालयांकडून न्हाणीघरातल्या वायुबाधेच्या नोंदी वेगळ्या मागवाव्यात. ज्याची मोजणी होत नाही, त्यासाठी खात्यात टेबल नसते, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता.

आणि शेवटची मागणी तारखेची. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटांत कामी आलेल्या जवानांच्या स्मरणार्थ आपण एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह पाळतो. त्यांचे स्मरण हवेच. पण एप्रिलात नाशिककर गार पाण्याने अंघोळ करतात. न्हाणीघराची आग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जळते, खिडकीला पुठ्ठा लागतो तेव्हा. तिच्याबद्दल बोलायचे तर दिवाळीच्या आधी बोलायला हवे. नरक चतुर्दशीच्या पहाटे अख्खे घर एकापाठोपाठ एक अभ्यंगस्नान करते. तेल लावून बसलेली पोरे रांगेत असतात, आत गीझर थांबत नाही, आणि बाहेर गारठा म्हणून सगळी तावदाने बंद असतात. माझे मघाचे गणित या एका सकाळीला लावून पाहा.

आजीकडे या दिवसासाठी रीत होती. आदल्या दिवशी पाणी भरायचे. त्याआधी बंब चिंचेने लख्ख घासायचा, नळीतली राख काठीने पाडायची, जाळी काढून झटकायची, गळतो आहे का ते पाहायचे आणि गळत असेल तर तांबटाकडे न्यायचा. मग त्याला हळदकुंकू, गळ्यात वेल. मला लहानपणी वाटायचे ही पूजा आहे. पूजा होतीच, पण वर्षातून एकदा आगीच्या भांड्याची तपासणी करून घेण्याची ती पक्की युक्तीही होती, आणि ती कुणाच्याच परिपत्रकाविना पिढ्यान्‌पिढ्या चालली. बंब अडगळीत गेला, त्याच्याबरोबर ती तारीखही गेली.

ती तारीख तेवढी परत आणा. नियम बदलायला वेळ लागतो, मला समजते. पण गीझर कुठे आहे ते पाहा, ज्योत निळी आहे का पाहा, झडपेचा पुठ्ठा काढा, यंत्र साफ करून घ्या, जुने झाले असेल तर बदला, आणि अंघोळीनंतर डोके दुखत असेल तर त्याला पित्त म्हणू नका, एवढी सहा वाक्ये पालिकेच्या पाणीपट्टीच्या बिलामागे छापायला नियम बदलावा लागत नाही.

नात आता बरी आहे. अकरावीत विज्ञान शाखा घेतली आहे. आमच्या न्हाणीघराच्या दाराची कडी आम्ही पुन्हा बसवली, तिचे जुने स्क्रू मात्र मी एका डबीत ठेवले आहेत. घरी येणाऱ्या प्रत्येक प्लंबरला दाखवते.

या पत्राला उत्तर पाठवले नाही तरी चालेल. वसुबारसेच्या आधी परिपत्रक पाठवा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
नाशिक